लागीर झालेले वाचक

'झपाटणे' हे क्रियापद मराठीत दोन अगदी वेगळ्या ठिकाणी सारख्याच सहजतेनं वावरतं. कातरवेळी पिंपळाखालून आलेल्या पोराला मुंज्यानं झपाटलं, असं आजी सांगते. आणि नारायण धारपांच्या कादंबऱ्यांनी कॉलेजात असताना आम्हाला पार झपाटलं होतं, असं तिचाच मुलगा सांगतो. पहिलं झपाटणं उतरवायला देवऋषी बोलवावा लागतो. दुसरं उतरूच नये, असं ज्याला झालंय त्याला वाटत असतं. क्रियापद मात्र तेच. भुताच्या गोष्टींचा नाद लागलेल्या माणसाला आपण गोष्टीतल्या भुताचंच क्रियापद लावतो आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही.

हे एका शब्दापुरतंही नाही. पछाडणं, पिसं लागणं, लागीर होणं, बाधा होणं, मानगुटीवर बसणं, डोक्यात भूत शिरणं, संचारणं, अंगात येणं. भयकथा, अद्भुतकथा, विज्ञानकथा यांच्या मागे वेडे झालेल्यांबद्दल बोलायला मराठीजवळ जे जिवंत शब्द आहेत, ते बहुतेक सगळे भुताखेतांच्या आणि देवदेवस्कीच्या घरातले आहेत. 'चाहता' हा शब्द त्यांच्यापुढे फार मिळमिळीत आहे. नुसत्या चाहत्याला रात्रीचे तीन वाजेपर्यंत कुणी जागं ठेवत नाही.

झपाटणे आधी कानानं ऐकावा. झप, झपकन, झपझप, झपाटा, झपाट्यानं. शेजारीच झेप आणि झडप. घार कोंबडीच्या पिलावर येते तो वेग या सगळ्या शब्दांत आहे. झपाटणारं भूत हळूहळू अंगात मुरत नाही. ते वरून येतं, उचलतं आणि माणूस भानावर येईपर्यंत काम झालेलं असतं. पछाडणे आखाड्यातून आलेला शब्द. समोरच्याला उचलून पाठीवर आपटणं, त्याच्या पाठीला माती लावणं, हा त्याचा रांगडा अर्थ. हिंदीत आजही निवडणुकीत कुणाला हरवलं की 'पछाडा' म्हणतात. मराठीत तो भुताच्या हाती गेला आणि तिथंच रमला. झपाटण्यात वेग आहे, पछाडण्यात ताकद. या दोन्ही शब्दांवर महेश कोठारे यांनी एकेक चित्रपट काढला, 'झपाटलेला' १९९३ साली आणि 'पछाडलेला' २००४ साली. पहिल्यातला तात्या विंचू हा बाहुला पाहून घाबरलेली पोरं आज चाळिशीत आहेत आणि त्याची चित्रं छापलेले टी-शर्ट घालून हिंडतात. चित्रपटाचं नाव प्रेक्षकालाच लागू पडावं, असा योग फार थोड्या नावांच्या वाट्याला येतो.

व्याकरणाकडेही जरा पाहायला हवं. 'झपाटलेला', 'पछाडलेला' ही दोन्ही रूपं कर्मणी आहेत. ज्याला हे विशेषण लागतं त्यानं स्वतः काही केलेलं नसतं. त्याच्यावर कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. बाकीचे शब्दही हीच शिस्त पाळतात. 'मला' वेड लागलं, 'त्याला' नाद लागला, 'तिला' छंद जडला, 'पोराला' भुरळ पडली. वाक्यात कर्ता आहे वेड, नाद, छंद, भुरळ. माणूस बिचारा 'ला' प्रत्यय लावून बाजूला उभा. मी अमुक लेखकाचा फॅन आहे, असं म्हणताना माणूस कर्त्याच्या जागी येऊन बसतो, जणू ही त्याची निवड होती. ज्यानं एकदा रात्रीच्या एसटीत बॅटरीच्या उजेडात भयकथा संपवली आहे त्याला विचारा, त्यात निवड किती होती. मराठीचं व्याकरण इथं जास्त खरं बोलतं.

या घराण्यातला सगळ्यात जुना आणि मला सगळ्यात प्रिय शब्द आहे 'पिसे'. संतांच्या अभंगांत विठ्ठलाचं पिसं लागतं, हरिनामाचं पिसं लागतं, आणि आपण ते वेडाचा एक गोड पर्याय म्हणून वाचून पुढे जातो. पण पिसा म्हणजे मुळात पिशाचानं धरलेला. संस्कृतातला 'पिशाच' प्राकृताच्या उतरंडीवरून घरंगळत आला, त्याचा 'च' झिजला आणि मराठीत 'पिसा' उरला. भुताचं नाव गळून पडलं आणि भुतानं केलेली दशा तेवढी राहिली. पिसाट वारा, पिसाळलेला कुत्रा हे त्याच वाड्यातले भाऊबंद. महानुभावांच्या 'ऋद्धिपूरचरित्रा'त गोविंदप्रभूंचं विचित्र वागणं पाहून लोक त्यांना वेडे, पिसे म्हणतात. तिथं हा शब्द अजून तीन अर्थांच्या उंबरठ्यावर उभा आहे: हा माणूस खुळा आहे, याला काहीतरी लागलेलं आहे, किंवा हा देवच आहे. तेराव्या शतकातल्या गावकऱ्यांना या तिन्हींसाठी एक शब्द पुरला. पुढे संतांनी तो उचलला तो जाणूनबुजून. भक्तीचं वर्णन करायला त्यांच्याजवळ प्रेम, आवड, ओढ असे सोवळे शब्द होतेच. तरी त्यांनी पिशाचाच्या घरचा शब्द देवघरात आणला, कारण भक्ती माणसाचं काय करते ते आवडीत मावत नव्हतं.

लागीर तर आपल्या डोळ्यांदेखत बदललेला शब्द आहे. भर दुपारी विहिरीवर एकटी गेलेली बाळंतीण तापानं फणफणली की आयाबाया म्हणायच्या, लागीर झालं. लिंबू-मिरची, उतारा, अंगारा हे त्या शब्दाचे सोबती. शब्द 'लागणे' या अगदी साध्या धातूवरून आलेला, आणि म्हणूनच इतका पक्का. लागण, लागट, लळा लागणे, नादी लागणे, सगळीकडे हाच धातू चिकटण्याचं काम करतो. २०१७ साली झी मराठीवर 'लागिरं झालं जी' ही मालिका आली. सैन्यात जायचं वेड घेतलेला गावाकडचा मुलगा आणि त्याची प्रेमकथा. घराघरात ते नाव गुणगुणलं जाऊ लागलं आणि ज्या शहरी पोरांनी लागीर हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला त्यांनी तो प्रेमाचा शब्द म्हणूनच ऐकला. विहिरीवरची जखीण मागच्या दारानं निघून गेली. 'बाधा' उलट दिशेनं चाललाय. भूतबाधा, प्रेमाची बाधा असा प्रवास करून तो करोनाच्या साथीत सरकारी पत्रकात पोहोचला आणि 'बाधितांची संख्या' होऊन बसला.

आता मराठीचा एक बारकावा. भूत माणसाला लागतं, धरतं, झपाटतं, पछाडतं. देव मात्र अंगात येतो. देवाचा 'संचार' होतो किंवा 'वारं' येतं. शेजारीण 'तिच्या अंगात येतं' असं म्हणाली की देवी आली हे गृहीत असतं. भूत असतं तर तिनं वेगळं क्रियापद वापरलं असतं. भुताचं क्रियापद जबरदस्तीचं आणि देवाचं येण्याजाण्याचं. फॅन या शब्दाचा इतिहास वाचताना मला हा फरक सारखा आठवत राहिला, कारण तो शब्द देवाच्या बाजूचा आहे.

लॅटिनमध्ये 'फानुम' म्हणजे देऊळ, देवाला वाहिलेली जागा. तिथल्या देवतेनं ज्याच्या अंगात प्रवेश केलाय तो 'फानाटिकुस'. रोममध्ये बेल्लोना या युद्धदेवीचे उपासक भरात येऊन स्वतःच्या दंडांवर वार करून घेत, रक्त काढत आणि त्या अवस्थेत भविष्य सांगत. त्यांना हे विशेषण लावत. मरीआईच्या पोतराजाचा आसूड ज्यानं पाहिलाय त्याला हे चित्र रंगवून सांगावं लागणार नाही. देवळाच्या आवाराबाहेरचं ते 'प्रोफेन', शब्दशः देवळासमोरचं, उंबऱ्याच्या अलीकडचं. आणि एका प्राचीन लॅटिन कोशकारानं अशी नोंद करून ठेवली आहे की ज्या झाडावर वीज पडते त्या झाडालाही 'फानाटिकुस' हेच विशेषण लावतात. देवानं स्पर्श केलेलं झाड. इथं मी क्षणभर थांबलो, कारण मराठी कोशांत 'झाड' या शब्दाच्या अर्थांमध्ये एक अर्थ आहे: ज्याच्या अंगात भूत किंवा देवता संचारते तो माणूस. या दोन शब्दांचं एकमेकांशी काही नातं नाही. पण वरून काहीतरी कोसळतं आणि खाली उभा असलेला पेटतो, हे दोन्ही भाषांना झाडाकडे पाहूनच सुचलं असेल, असं मला मनापासून वाटतं.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये 'फनॅटिक' ही धर्मवेड्यांना द्यायची शिवी झाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या वार्ताहरांनी तो तोडून 'फॅन' केला आणि शिवीचं टोक बोथट झालं. विज्ञानकथेच्या वाचकांकडे तो आला तेव्हा त्याला पुन्हा देऊळ मिळालं. ह्यूगो गर्न्सबॅक हा लक्झेंबर्गहून अमेरिकेत आलेला, रेडिओच्या सुट्या भागांचा व्यापार केलेला संपादक. त्यानं एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे निव्वळ विज्ञानकथांचं मासिक काढलं. या कथांना त्यानं 'सायंटिफिक्शन' असं जोडकाम केलेलं नाव दिलं होतं. ते जिभेवर बसलं नाही. तीन वर्षांनी तोच दुसऱ्या मासिकात 'सायन्स फिक्शन' म्हणू लागला. पण शब्दापेक्षा मोठं काम त्यानं नकळत केलं. वाचकांची पत्रं छापताना तो पत्रलेखकाचा पूर्ण पत्ताही छापायचा. मग एका गावातल्या झपाटलेल्यानं दुसऱ्या गावातल्या झपाटलेल्याला थेट पत्र टाकलं. संपादक मधून गळाला, आणि मंडळं निघाली. १९३० साली शिकागोच्या मंडळानं 'द कॉमेट' हे हौशी पत्रक काढलं. १९३३ च्या जानेवारीत ओहायोतल्या क्लीव्हलंडमधल्या दोन शाळकरी मित्रांनी आपल्या चक्रमुद्रित पत्रकात 'द रेन ऑफ द सुपरमॅन' ही गोष्ट छापली. जेरी सिगल आणि जो शूस्टर ही त्यांची नावं. पाच वर्षांनी त्याच नावाचा वेगळा, भला सुपरमॅन घेऊन ते जगासमोर आले. अशा पत्रकांना 'फॅनझीन' हा शब्द रस शोव्हने या चाहत्यानं १९४० साली दिला.

या मंडळींनी स्वतःची बोली केली, आणि शब्दांच्या आवडीखातर ती पाहण्यासारखी आहे. जो चाहता नाही, त्याला ते 'मंडेन' म्हणत. मूळ लॅटिन 'मुंडुस', म्हणजे जग; मंडेन म्हणजे जगरहाटीतला, आपल्या शब्दात प्रापंचिक. आपण देवळात आणि बाकीचे संसारात, हा वारकऱ्याच्या तोंडी शोभणारा भेद विज्ञानकथा वाचणाऱ्या अमेरिकन पोरांनी केला होता. 'एगोबू' म्हणजे पत्रकात आपलं नाव छापून आल्यावर होणारा आनंद. या सगळ्या उद्योगात पैसा नव्हताच. हौशी लेखकाची मजुरी एवढीच. 'फिल्क' म्हणजे चाहत्यांनी रचलेली गाणी. १९५० च्या दशकात ली जेकब्स या चाहत्यानं लिहिलेल्या लेखात 'फोक' या शब्दाचं अक्षर चुकलं आणि ती चूक इतरांना इतकी आवडली की तिच्यासाठी गाणी लिहिली जाऊ लागली. आधी शब्द, मग वस्तू. आणि 'गाफिया'. 'या सगळ्यापासून दूर जाणं' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ती आद्याक्षरं. सुरुवातीला 'हे सगळं' म्हणजे नोकरी, घर, बिलं. त्यापासून पळून मंडळात येणं म्हणजे गाफिया. काही वर्षांत अर्थ उलटा फिरला. मंडळातलीच कामं, भांडणं, पत्रव्यवहार यांचा एवढा बोजा झाला की त्यातून सुटून संसारात परतणं म्हणजे गाफिया. मठात गेलेल्या माणसाला मठाचाच प्रपंच होतो, हे आपल्याकडे फार जुनं दुखणं आहे. तिथं ते एका शब्दात नोंदलं गेलं.

जपानी 'ओताकु' शब्दाकडे येताना वाट घराकडे वळते. मूळ अर्थ 'आपलं घर', आणि त्यावरून समोरच्याला दुरून, अदबीनं म्हटलेलं 'आपण'. ॲनिमे आणि मांगाच्या मेळाव्यांत अनोळखी पोरं एकमेकांशी बोलताना हे संकोची सर्वनाम वापरत. अकिओ नाकामोरी या लेखकानं १९८३ साली त्यावरून त्या सगळ्या जमातीलाच ओताकु म्हणून टाकलं, तेही हिणवून. घराचं नाव घेऊन माणसाचा उल्लेख करणं मराठी माणसाला नवं नाही; 'आमच्या घरात विचारते' म्हणणाऱ्या बाईला नवऱ्यालाच विचारायचं असतं, आणि जुन्या कागदपत्रांत 'कुटुंब' म्हणजे बायको. पण जपानी शब्दात जे आहे ते वेगळं आहे. तिथं चाहत्याचं नाव त्याच्या वेडावरून पडलेलं नाही, त्याच्या लाजण्यावरून पडलंय. या विषयातल्या साऱ्या शब्दांत इतका हळवा शब्द मला दुसरा दिसत नाही.

परत आपल्याकडे. मराठी भुतांमध्ये एक असा आहे की त्याच्याजवळ झपाटण्यासाठी गोष्टीखेरीज दुसरं काहीही नाही. तो वेताळ. खवीस (अरबी 'खबीस', म्हणजे नीच, घाणेरडा), समंध (कशाशी तरी 'संबंध' न सुटलेला), आसरा (अप्सरा झिजून झालेल्या, निवाऱ्याचा आसरा 'आश्रया'वरून आलेला, त्याचा यांच्याशी संबंध नाही), सटवी (षष्ठी), जखीण (यक्षिणी) ही सगळी माणसाला धरतात ती काहीतरी हवं असतं म्हणून. 'वेताळपंचविशी'तला वेताळ राजाच्या खांद्यावर बसतो आणि गोष्ट सांगतो. शेवटी एक कोडं टाकतो. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोलला तर मौन मोडलं म्हणून वेताळ पुन्हा झाडावर. राजा जवळजवळ दरवेळी बोलतो. राजाला शहाणपण आवरत नाही, असं याचं स्पष्टीकरण देतात. मला तसं वाटत नाही. गोष्ट ऐकल्यावर तिच्याबद्दल बोलल्यावाचून ज्याला राहवत नाही तो राजा विक्रम आहे, आणि जगातली सगळी चाहत्यांची मंडळं याच न राहवण्यातून निघाली आहेत. मानगुटीवर भूत बसणं हा वाक्प्रचार मी वापरतो तेव्हा डोळ्यांपुढे 'चांदोबा'तलं शंकर यांचं चित्र येतं: उजव्या हातात तलवार, खांद्यावर पांढरं प्रेत, प्रेताचे लांब केस राजाच्या पाठीवर लोंबताहेत, पायाशी कवट्या आणि राजाची नजर सरळ पुढे. पिढ्यानपिढ्या मुलांनी अंक हाती आल्यावर आधी तेच पान उघडलं.

१८७० साली रिचर्ड बर्टननं या कथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाचं भाषांतर 'व्हॅम्पायर' केलं. एवढा गोष्टीवेल्हाळ जीव, रक्ताचा थेंब न पिणारा, आणि त्याला हे नाव. इंग्रजी वाचकाला प्रेतात शिरणारा दुसरा कुणी ओळखीचा नव्हता हे खरं, पण त्या एका शब्दानं त्याच्या हातातली गोष्टच बदलून गेली. परतफेड मात्र छान झाली. ली फॉकनं १९३६ मध्ये निर्माण केलेला बुरखाधारी 'फँटम' इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत आला तो 'वेताळ' होऊन. फँटमला तिकडे 'चालतं भूत' अशा अर्थाचं बिरुद आहे. तो रात्री जंगलातून फिरतो आणि दुबळ्यांचं रक्षण करतो. आता वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीला जा. तिथला वेतोबा हा वेताळच. माणसाहून उंच मूर्ती, नवसाला केळीचे घड आणि चामड्याच्या चपला, त्याही माणसाच्या पायात कधी बसणार नाहीत एवढ्या मोठ्या. वेतोबा रात्री गावाभोवती राखणीला फिरतो आणि चालून चालून चपला झिजतात, अशी श्रद्धा. वाहिलेल्या चपलांचे जोड देवळात मांडलेले दिसतात. गोव्यात तर बेताळभाटी हे गावाचंच नाव आहे. ज्यानं कुणी फँटमसाठी वेताळ हा शब्द निवडला त्याच्या मनात आरवली होती की पंचविशी, याला महत्त्व नाही. अंधारात चालणारा राखणदार या भाषेत आधीपासून होता, आणि त्याच्या नावात परदेशी बुरखेवाला बरोबर बसला.

नारायण धारपांना हे शब्दांचं देणंघेणं फार चांगलं कळत होतं. १९२५ साली जन्मलेला, रसायन-तंत्रज्ञान शिकलेला हा माणूस पुण्यात बसून भूत आणि परग्रह दोन्हींवर सारख्याच गांभीर्यानं लिहीत राहिला. स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेल्या कादंबरीचं नाव त्यांनी 'लुचाई' ठेवलं. मराठी कानाला त्यात 'लुचणं' ऐकू येतं. वासरू गाईला लुचतं, तान्हं आईला लुचतं. भाषेतल्या सगळ्यात वत्सल क्रियापदांपैकी एक. रक्तपिपासू, नरपिशाच्च असे जाडजूड शब्द त्यांना सहज घेता आले असते आणि वाचक मुळीच घाबरला नसता. 'लुचाई' वाचून अंगावर काटा येतो, कारण शब्द घरातला आहे.

विज्ञानकथेनं मराठीत दुसरं क्रियापद निवडलं. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेचं नाव 'विज्ञानरंजन कथा'. रंजन हा 'रंज्' धातू. रंग, राग, अनुरक्त, आरक्त सगळे त्याचेच. रंजन म्हणजे मुळात रंग चढवणं. १९७४ मध्ये या स्पर्धेला नारायण विनायक जगताप या नावानं 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. नावाची आद्याक्षरं उलटी वाचली की जयंत विष्णु नारळीकर. पुढे त्यांच्या गाजलेल्या संग्रहाचं नाव 'यक्षांची देणगी' होतं. जखीण आणि जाखाई ज्या यक्षांपासून आल्या तेच यक्ष आता विज्ञानकथेच्या दारावर पाटी होऊन लागले. रंजन हा सुरेख शब्द आहे, शाळामास्तरांनाही पटेल असा. पण ज्यांनी त्या कथा बाराव्या-तेराव्या वर्षी वाचल्या आणि पुढे भौतिकशास्त्राच्या वाटेला गेले, त्यांचं नुसतं रंजन झालं होतं असं म्हणणं त्यांच्यावर अन्याय करणारं आहे. त्यांना लागीर झालं होतं. शास्त्राच्या गोष्टीला भुताचं क्रियापद लावायला आपण का बिचकतो, ते मला समजत नाही. संत बिचकले नव्हते.

मराठीत गर्न्सबॅकसारखे पत्ते कुणी छापले नाहीत, फॅनझीनंही फारशी निघाली नाहीत. म्हणून इथं मंडळ नव्हतं असं मात्र नाही. गावोगावच्या वाचनालयांतल्या भयकथांच्या जुन्या प्रती हातात घेऊन पाहाव्यात. पुठ्ठ्याची जाड बांधणी, मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर शिक्क्यांची गर्दी, पानांचे कोपरे काळवंडलेले. आणि समासात पेन्सिलीनं वाचकांचं संभाषण. 'रात्री एकट्यानं वाचू नये.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'वाचलं, काही झालं नाही.' त्याखाली तिसऱ्या अक्षरात, 'होईल.' ग्रंथपाल खोडरबर घेऊन बसत आणि 'पुस्तकावर लिहू नये' असे शिक्के मारत. संभाषण पुढच्या पानावर सुरू राही. एकमेकांना कधीही न भेटलेली ही माणसं त्या समासात भेटत होती. फॅनझीन म्हणजे आणखी काय असतं?

२०२४ साल या शब्दांना फार भरभराटीचं गेलं. जूनमध्ये आदित्य सरपोतदारांचा 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट आला आणि कोकणातलं भूत देशभर पोहोचलं. सप्टेंबरमध्ये राही अनिल बर्वे यांचा २०१८ चा 'तुंबाड' पुन्हा चित्रपटगृहांत लागला आणि त्यानं पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. तुंबाड हे नाव श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत'मुळे मराठी वाचकाच्या ओळखीचं. सहा वर्षं जे लोक भेटेल त्याला हा चित्रपट पाहाच म्हणून सांगत होते, त्यांनी तो परत आणला. मुंज्याचं मात्र थोडं वेगळं झालं. लखनौ-भोपाळच्या पोरांना मुंज्या माहीत झाला, मुंज माहीत नाही, आणि ती माहीत असल्याशिवाय हे भूत पुरतं कळत नाही. मुंज नावाचं एक उंच गवत असतं. त्याची मेखला बटूच्या कमरेला बांधतात, म्हणून त्या संस्काराला मौंजीबंधन. ती मेखला सोडण्याचा विधी म्हणजे सोडमुंज, आणि त्यानंतरच लग्नाची वाट मोकळी. बांधलेली मुंज सुटण्याआधी जो मुलगा गेला तो मुंजा. पिंपळावर बसून तो येणाऱ्याजाणाऱ्याला खडे मारतो, आणि गावाकडे पिंपळाचा पार नवा बांधला की अजूनही कुणीतरी आठवणीनं त्याच्या नावानं त्या झाडाचीच मुंज लावतं.